दोन सभागृहे कशासाठी?

१९६१ सालच्या मे महिन्यात, ६ व ९ या तारखांस, नवी दिल्लीच्या संसदभवनात जो प्रसंग घडला तसा प्रसंग त्यापूर्वी भारताच्या संसदेत कधीही घडला नव्हता. लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांचे सभासद मध्यवर्ती सभागृहात एकत्र बसले व एकाच विधेयकावर त्यांनी एकत्र मते दिली. विधेयक होते हुंडाबंदीचे. हुंडा वाईट आहे, याविषयी दोन्ही सभागृहांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो मुख्यतः 'हुंडा' म्हणावयाचे कशास, याविषयी.

ज्यांच्या घरी एखादे लग्नकार्य झाले आहे त्यांस हा वाद पोकळ वाटणार नाही. जावयाच्या बोटात घातलेली अंगठी ही प्रेमाची भेट की ठरलेला हुंडा? विहीणबाईंस दिलेले लुगडे हा मानपान की मोबदला? रोख रक्कम न मागता 'मुलाच्या शिक्षणाचा खर्च तेवढा पाहा' असे कोणी सुचविले, तर ते मागणे होते की नव्हते? घेणारा म्हणतो, 'आम्ही काही मागितले नाही'. देणारा म्हणतो, 'आम्ही आपल्या हौसेने दिले'. आणि मुलीच्या बापाची जमीन तर गहाण पडलेली असते! कायद्याच्या व्याख्येत दोन शब्द इकडचे तिकडे झाले की, कित्येक घरांचे भवितव्य इकडचे तिकडे होते. म्हणूनच त्या शब्दांसाठी दोन सभागृहे एकमेकांशी अडून बसली.

आता विद्यार्थिमित्र सहजच विचारतील की, मुळात दोन सभागृहे हवीत कशाला? जनतेने निवडलेली एक लोकसभा आहे. तिने बहुमताने ठरवावे आणि कायदा व्हावा. एकाच कामासाठी दोन घरे बांधावयाची, दुप्पट सभासद बसवावयाचे, तेच भाषण दोनदा ऐकावयाचे, यात वेळेचा व पैशाचा अपव्यय नाही काय? प्रश्न रास्त आहे. तो आमच्या घटनाकारांसही पडला होता.

दोन सभागृहांची पद्धती हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याने आली व १९२१ पासून अमलात आली. तेव्हा खालच्या गृहास लेजिस्लेटिव्ह असेंब्ली व वरच्या गृहास काउन्सिल ऑफ स्टेट म्हणत. काउन्सिल ऑफ स्टेटचे सभासद अवघे ६०. त्यांस मत देण्याचा हक्क मोठ्या मिळकतीच्या व प्रतिष्ठेच्या मूठभर लोकांसच होता. दोन्ही गृहांनी नाकारलेली गोष्टही व्हाइसरॉय आपल्या अधिकारात मंजूर करून घेऊ शकत असे. तेव्हा ते दुसरे गृह लोकांच्या विचारास स्थैर्य देण्यासाठी नव्हते, लोकांच्या इच्छेस बांध घालण्यासाठी होते, असे म्हणावयास हरकत नाही. अशा अनुभवानंतर घटनासमितीत दुसऱ्या सभागृहाविषयी शंका निघाल्या, यात नवल काय? जुलै १९४७ मध्ये या प्रश्नावर समितीत चर्चा झाली, तेव्हा एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाचा पुरस्कार केला. त्यांचा आशय थोडक्यात असा की, या गृहाकडून फार मोठी अपेक्षा नाही. त्याने महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा करावी आणि क्षणिक भावनेच्या भरात एखादा कायदा होऊ पाहत असेल, तर तो भर ओसरेपर्यंत त्यास थांबवून धरावे. थांबवून धरावे, कायमचे अडवू नये; हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

एक मौज येथे सांगण्याजोगी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, त्या दिवशी देशात दुसरे सभागृह नव्हतेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुका होईपर्यंत घटनासमितीनेच हंगामी संसद म्हणून काम पाहिले, आणि ती एकगृही होती. हिंदू कोडाचे विधेयक घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिच्यापुढे उभे राहिले आणि ते मार्गी लागेना म्हणून १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले, ती ही हंगामी संसद होय. लोकसभा व राज्यसभा या दोघींची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. पुढे हिंदू विवाहाचे विधेयक आले ते प्रथम राज्यसभेत मांडले गेले. ज्यांची समजूत अशी आहे की, कायदा नेहमी लोकसभेत जन्मतो आणि राज्यसभेत त्याचे बारसे तेवढे होते, त्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे. पैशाची विधेयके सोडली, तर कोणतेही विधेयक कोणत्याही गृहात प्रथम मांडता येते.

आता या दोन गृहांची रचना पाहू. लोकसभेच्या निवडून आलेल्या सभासदांच्या जागा ५४३ आहेत. प्रत्येक सभासद एकेका मतदारसंघातून, प्रौढ मतदारांच्या प्रत्यक्ष मतांनी निवडला जातो. महाराष्ट्राच्या वाट्यास ४८ व गोव्याच्या वाट्यास २ जागा आल्या आहेत. मुदत पाच वर्षांची. परंतु त्यापूर्वीही ती विसर्जित होऊ शकते. प्रधानमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ जबाबदार असते ते याच सभागृहास. येथे बहुमत गेले की सरकार गेले. राज्यसभेने सरकारविरुद्ध कितीही मते दिली, तरी सरकार पडत नाही.

राज्यसभेची घडण निराळी आहे. तिचे सभासद २४५. त्यांपैकी २३३ राज्यांचे व काही केंद्रशासित प्रदेशांचे प्रतिनिधी, आणि १२ राष्ट्रपतींनी वाङ्मय, शास्त्र, कला व समाजसेवा यांतून नेमलेले. महामहोपाध्याय पां. वा. काणे, नाटककार मामा वरेरकर आणि गायिका लता मंगेशकर हे तिघेही याच वाटेने राज्यसभेत गेले. ही सभा कधीही विसर्जित होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात व त्यांच्या जागी नवे येतात. नदीचे पाणी वाहत असते पण नदी तीच राहते, तसा हा प्रकार आहे. लोकसभेत एखाद्या निवडणुकीच्या लाटेने सारे चित्र एका दिवसात पालटते. राज्यसभेत मात्र त्याच वेळी चार वर्षांपूर्वीच्या व दोन वर्षांपूर्वीच्या जनमताचे थरही शिल्लक असतात. आमच्या मते दुसऱ्या सभागृहाचे खरे मर्म यातच आहे. तेथील माणसे अधिक शहाणी असतात असे मुळीच नाही. ती निराळ्या वेळी व निराळ्या हातांनी निवडलेली असतात, एवढेच.

हे निराळे हात म्हणजे राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. त्यांच्या मतदानाची रीत गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. समजा, राज्यसभेच्या सहा जागा भरावयाच्या आहेत आणि सर्व आमदारांनी मत दिले आहे. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. म्हणजे एकूण मूल्य २८,८०० झाले. यास जागांच्या संख्येत एक मिळवून, म्हणजे ७ ने भागावयाचे. भागाकार ४,११४ येतो व काही बाकी उरते. ती सोडून देऊन भागाकारात एक मिळवावयाचा. ४,११५ हा झाला कोटा. ज्या उमेदवारास ४२ आमदारांनी पहिली पसंती दिली, त्याचे मूल्य ४,२०० होऊन तो निवडून आला. त्याजपाशी ८५ शिल्लक उरले. हे ८५ वाया जात नाहीत. त्याला मत देणाऱ्यांनी दुसरी पसंती ज्यांस दिली असेल त्यांच्याकडे ते योग्य प्रमाणात वळते होतात. सातानेच का भागावयाचे, सहाने का नाही? सात उमेदवारांस प्रत्येकी ४,११५ मिळावयाचे म्हटले, तर २८,८०५ लागतील. आणि एकूण आहेत २८,८००. म्हणून सहाच जणांस हा कोटा गाठता येतो, सातव्यास नाही. या रीतीचा लाभ असा की, बहुमताचा पक्ष सर्व जागा बळकावू शकत नाही. ४२ आमदार ज्यांच्यापाशी आहेत, त्या लहान गटाचाही एक माणूस दिल्लीस जातो.

या गृहाच्या नावात 'राज्य' आहे, पण २००३ साली कायद्यात झालेल्या बदलाने उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट निघून गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल वैध ठरविला, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. तरीही राज्याचा म्हणून जो प्रतिनिधी पाठवावयाचा, त्याने त्या राज्याचे पाणी प्यालेले असावे, असे आम्हांस वाटते ते वाटतेच.

लोकसभेच्या खुर्चीवर अध्यक्ष असतात, राज्यसभेच्या खुर्चीवर सभापती. अध्यक्ष लोकसभेने आपल्यातून निवडावयाचे असतात. राज्यसभेचे सभापती मात्र उपराष्ट्रपती असतात व ते त्या गृहाचे सभासद नसतात. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. पहिले सभापती होते डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. खुर्चीवरील व्यक्ती एरवी मत देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली, तरच तिने आपले निर्णायक मत द्यावयाचे.

विधेयकाचा प्रवास आता पाहू. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. मंत्र्याने मांडले तर ते सरकारी, इतर सभासदाने मांडले तर खासगी. खासगी विधेयकांचे नशीब फारसे बलवत्तर नाही. फिरोझ गांधी यांनी मांडलेल्या विधेयकाचा १९५६ साली कायदा झाला व संसदेतील कामकाजाची प्रामाणिक हकीकत छापणाऱ्या वर्तमानपत्रांस संरक्षण मिळाले. परंतु अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

प्रत्येक गृहात विधेयकाची तीन वाचने होतात. पहिले वाचन म्हणजे सभागृहाची अनुमती घेऊन ते मांडणे. येथे सहसा वाद होत नाही. दुसरे वाचन हे खरे घासूनपुसून पाहण्याचे. प्रथम विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते. जरूर वाटल्यास ते एखाद्या समितीकडे धाडले जाते. समिती एकाच गृहाची असेल, किंवा हुंड्याच्या विधेयकाच्या बाबतीत झाले त्याप्रमाणे दोन्ही गृहांची संयुक्त असेल. १९९३ पासून निरनिराळ्या खात्यांसाठी स्थायी समित्याही आहेत. पुढे त्यांची संख्या २४ झाली व प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सभासद घेण्याचे ठरले. वर्तमानपत्रांत आरडाओरड्याची वर्णने येतात ती सभागृहातील. समितीच्या खोलीत मात्र प्रेक्षक नसतात, छायाचित्रकार नसतात, म्हणून तेथे निरनिराळ्या पक्षांची माणसे एका टेबलाभोवती बसून एकेका वाक्याचा अर्थ शांतपणे लावतात. जाणत्यांच्या साक्षी घेतात, अधिकाऱ्यांस प्रश्न विचारतात. हे काम लोकांच्या नजरेस पडत नाही, पण मोलाचे तेच.

समितीचा अहवाल आल्यावर कलमवार विचार सुरू होतो. प्रत्येक कलम व त्यावरील प्रत्येक दुरुस्ती मतास टाकली जाते. मौजेची गोष्ट अशी की, ज्या पहिल्या कलमात कायद्याचे नाव असते ते कलम आणि विधेयकाचे शीर्षक यांस मत द्यावयाचे ते सर्वांच्या शेवटी. मूल पुरते जन्मल्याशिवाय नाव ठेवावयाचे नाही, असाच हा शिष्टाचार दिसतो! तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक मंजूर करावे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. मत बहुधा आवाजी असते. 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा की 'नाही' म्हणणाऱ्यांचा, हे खुर्चीवरील व्यक्ती ठरविते. कोणी आव्हान दिले तर मतविभागणी होऊन मते मोजली जातात.

एका गृहाने मंजूर केलेले विधेयक दुसऱ्या गृहात जाते व तेथे हाच क्रम पुन्हा होतो. दुसऱ्याने जसेच्या तसे मंजूर केले तर प्रश्नच मिटला. त्याने दुरुस्त्या केल्या, तर विधेयक पहिल्याकडे परत येते. पहिल्याने त्या मानल्या नाहीत, किंवा दुसऱ्याने विधेयक नाकारलेच, किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ ते तसेच ठेवले, म्हणजे पेच पडला असे समजावयाचे. अशा वेळी राष्ट्रपतींस संयुक्त बैठक बोलावता येते. तेथे लोकसभेचे अध्यक्ष खुर्चीवर असतात आणि हजर राहून मत देणाऱ्या एकूण सभासदांचे बहुमत निर्णय करते. लोकसभेचे सभासद राज्यसभेच्या दुपटीहून अधिक असल्याने एकत्र बसल्यावर पारडे बहुधा कोणीकडे झुकणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. १९७८ साली बँकांच्या नोकरभरतीसंबंधीच्या आयोगाचा कायदा रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेने नाकारले, ते संयुक्त बैठकीत मंजूर झाले. २००२ साली दहशतवादविरोधी विधेयकाचेही तेच झाले. त्यास अनुकूल ४२५ व प्रतिकूल २९६ मते पडली. यावरून राज्यसभा दुबळी आहे असे कोणी म्हणेल. परंतु अर्धशतकात असा पेच तीनच वेळा संयुक्त बैठकीपर्यंत गेला, याचाही अर्थ लावावयास हवा. बहुतेक वेळी दोन्ही गृहे अलीकडेच कोठेतरी समजुतीला येतात. १९७८ सालीच घटनादुरुस्तीचे जे मोठे विधेयक आले, त्यातील पाच कलमे राज्यसभेने वगळली. लोकसभेने ते मान्य केले व उरलेल्या विधेयकाचा कायदा झाला.

हुंड्याच्या विधेयकाचे काय झाले? संयुक्त बैठकीतून जो कायदा बाहेर पडला, त्यात 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' दिलेली मालमत्ता असे शब्द आले. ही झाली एक बाजू. दुसरीकडे असे स्पष्टीकरणही राहिले की, लग्नाच्या वेळी रोख, दागिने, कपडे इत्यादी रूपाने दिलेल्या भेटी, त्या विवाहाचा मोबदला म्हणून दिलेल्या नसतील तर हुंडा मानू नयेत. कायदा १ जुलै १९६१ पासून लागू झाला. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात होती. पण लग्नमंडपात दिलेले दागिने मोबदला म्हणून होते की माया म्हणून, हे न्यायालयात सिद्ध कोणी करावयाचे? देणाराही गुन्हेगार व घेणाराही गुन्हेगार; मग साक्ष द्यावयास पुढे कोण येणार? ज्या स्पष्टीकरणाने साध्या प्रेमळ भेटींस अभय दिले, त्याच दाराने हुंडाही आत शिरला. १९८४ साली संसदेने हे स्पष्टीकरण काढून टाकले. पुढे शिक्षाही पुष्कळ वाढविण्यात आली. मधल्या तेवीस वर्षांत किती मुलींची लग्ने झाली असतील, याचा विचार केला म्हणजे कलमवार चर्चेस 'शब्दांचा कीस' म्हणून हसणे आम्हांस तरी साधत नाही.

घटनादुरुस्तीच्या विधेयकांस मात्र संयुक्त बैठकीचा मार्ग बंद आहे. ती प्रत्येक गृहात स्वतंत्रपणे मंजूर व्हावी लागतात. एकूण सभासदसंख्येचे बहुमत हवे आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश अनुकूल हवेत. येथे राज्यसभा लोकसभेच्या बरोबरीस उभी राहते. १९७० सालची गोष्ट पाहा. माजी संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे विधेयक लोकसभेने मंजूर केले. ५ सप्टेंबर रोजी राज्यसभेत मते पडली ती अनुकूल १४९, प्रतिकूल ७५. एकूण २२४. याचे दोन तृतीयांश करा: १४९ पूर्णांक एक तृतीयांश. माणसाच्या मताचा तृतीयांश पाडता येत नाही, म्हणून १५० हवी होती. एका मताने, खरे तर मताच्या एका अंशाने, विधेयक पडले. सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. त्याविरुद्ध ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे व इतर न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. १९७१ साली निवडणुका झाल्या, सरकार मोठे बहुमत घेऊन परत आले आणि त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन तनखे बंद झाले. तनखे जावेत की राहावेत, याविषयी वाचकांचे मत काहीही असो. त्या एका मतामुळे प्रश्न आदेशाने न सुटता घटनेच्या मार्गाने सुटला, हे तर खरे ना?

याच्या अगदी उलट स्थिती धनविधेयकाची. कर बसविणे, सरकारी तिजोरीतून खर्च करणे, कर्ज काढणे अशाच बाबी ज्यात असतात ते धनविधेयक. ते लोकसभेतच मांडावयाचे. राज्यसभेने चौदा दिवसांत आपल्या शिफारशींसह ते परत करावयाचे. त्या शिफारशी मानणे न मानणे लोकसभेच्या मर्जीवर. अमुक विधेयक धनविधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवितात. वादाचे मूळ येथे असते. २०१६ साली आधारचे विधेयक धनविधेयक म्हणून आले. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८ साली पाचांपैकी चार न्यायाधीशांच्या बहुमताने ते धनविधेयक म्हणून मानले गेले. एका न्यायाधीशांनी मात्र जोरदार भिन्नमत नोंदविले. शिक्का कोणता मारावयाचा, या एका प्रश्नात दुसऱ्या सभागृहाचे सारे बळ कसे सामावलेले असते, ते यावरून दिसेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा व्हावयाचा नाही. १९८५ सालच्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास बंदी झाली. पक्षाने काढलेल्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाऊ शकते. पैशाच्या व पदाच्या लोभाने होणारी पळापळ थांबावी हा तिचा हेतू, व तो चांगलाच आहे. परंतु तिचा एक परिणाम असाही झाला की, सभासदाने दुसऱ्या बाजूचे भाषण ऐकून आपले मत बदलले तरी ते मनातच ठेवावे लागते. दोन सभागृहे दोन निराळ्या हातांनी घडविली खरी, पण दोहोंतील दोऱ्या जर एकाच पक्षकचेरीत जाऊन मिळत असतील, तर दुसऱ्यांदा विचार होतो तो कोणाचा? २०२१ साली, २९ नोव्हेंबर रोजी, शेतीविषयक तीन कायदे रद्द करण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांतून एकाच दिवसात, चर्चेवाचून, मंजूर झाले. कायदे रद्द होणे कोणास इष्ट वाटले असेल, कोणास अनिष्ट. पण दोन्ही बाजूंचे म्हणणे त्या दिवशी नोंदले जावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

दोन्ही गृहांनी मंजूर केलेले विधेयक राष्ट्रपतींकडे जाते. संमती द्यावी, न द्यावी, किंवा धनविधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवावे, असे तीन मार्ग त्यांस मोकळे असतात. परत आलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले, तर मात्र संमती नाकारता येत नाही. २००६ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी खासदारांच्या लाभाच्या पदांविषयीचे विधेयक असे परत पाठविले होते. संसदेने ते पुन्हा मंजूर केले व त्यांनी संमती दिली. निर्णय कधी द्यावा, याची मुदत मात्र घटनेत सांगितलेली नाही. त्यामुळे १९८६ सालच्या टपालविषयक विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी होय म्हटले नाही व नाहीही म्हटले नाही. लोकांची पत्रे अडविण्याचा व्यापक अधिकार त्यात सरकारास मिळणार होता. ते विधेयक तसेच राहिले व त्याचा कायदा कधी झालाच नाही.

संमती मिळाली की कायदा सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतो, पण लागू केव्हा व्हावयाचा हे त्यातच लिहिलेले असते. स्त्रियांस लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचे विधेयक प्रथम १९९६ साली आले व लोकसभा विसर्जित होताच बुडाले. त्यानंतरही आले आणि बुडाले. लोकसभेत मांडलेले व तेथेच पडून राहिलेले विधेयक तिच्याबरोबर संपते, राज्यसभेत मांडलेले व तेथेच असलेले संपत नाही. म्हणून २००८ साली ते मुद्दाम राज्यसभेत मांडण्यात आले. तिने ९ मार्च २०१० रोजी १८६ विरुद्ध १ अशा मतांनी ते मंजूर केले. पण मग ते लोकसभेकडे गेले आणि २०१४ साली त्या लोकसभेबरोबरच लयास गेले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये, संसदेच्या नव्या इमारतीत, २० तारखेस लोकसभेने ४५४ विरुद्ध २ व २१ तारखेस राज्यसभेने २१४ विरुद्ध शून्य अशा मतांनी नवे विधेयक मंजूर केले आणि २८ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या नव्या इमारतीत लोकसभेसाठी ८८८ व राज्यसभेसाठी ३८४ आसने केली आहेत. कायद्यातील तरतूद मात्र अशी लिहिली गेली की, त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होऊन मतदारसंघांची फेररचना झाली, म्हणजे मगच हे आरक्षण अमलात यावे.